नदीनं दिलेलं इंजिन

मुरारी वलथरेच्या घराचं दार परक्या बाईच्या नावाचं आहे. चिचटोल्यात नवा माणूस आला की आधी त्या दारापुढे थबकतो. जाड सागवानी फळ्या, आणि त्यांच्यावर पांढऱ्या तेलरंगानं लिहिलेलं: ‘सौ. सुशीलाबाई’. पुढचं आडनाव घासून गेलेलं. घरात सुशीलाबाई कोणी नाही, कधी नव्हतीही.

झालं होतं असं, की एका पुरात वैनगंगा ते दार वाहत घेऊन आली. मुरारीचा बाप डोंगा घालून वाहतं सरपण धरत होता, तर दार येऊन डोंग्याला टेकलं. त्यानं ते घरी आणलं आणि जसंच्या तसं चौकटीत बसवलं. मुरारीची माय म्हणाली, “अवो, नाव तरी खरवडून टाका!” बाप म्हणाला, “नदीनं जसं देल्लं तसंच घ्याचं. खोड काढली का गंगामाय रुसते.” झालं! त्या सुशीलाबाईवरून त्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी शेताच्या धुऱ्यावरून दोन भावांतही होत नाहीत. बाप भाजीला नाव ठेवायला गेला, की माय दाराकडे हात करायची, “जा, तिले सांगा रांधाले!” मरेपर्यंत तिनं त्या दाराला सवतच म्हटलं. आणि तिची तिरडी निघाली तीही त्याच दारातून.

दार समजलं की मुरारी समजतो, म्हणून आधी दार सांगितलं. नदीनं पायाशी आणून टाकलं त्याला ना म्हणायचं नाही, आणि उलटंपालटं करून पाहायचंही नाही, हा त्या घरचा नेम. बापाचा होता, मुरारीनंही पाळला. त्याचा पोरगा भूपेश मात्र असल्या नेमाला हसायचा.

मुरारी जातीचा ढिवर, मासे धरणारा. त्याचा आजा कावडीनं मासोळीचं बीज आणायचा. कावडीच्या दोन टोकांना दोन मातीच्या हंड्या, हंडीत पाणी, पाण्यात बीज. चालताना हंडी सारखी हलती ठेवायची, कारण पाणी निवांत झालं की आतला जीव गुदमरतो. आजा म्हणे इतका चालला, इतका चालला, की म्हातारपणी पंगतीत बसला तरी त्याचा उजवा खांदा हलायचा. वाढणारा विचारायचा, “बाबा, पत्रावळ धरून ठेवू का?”

कावड गेली आणि मुरारीच्या दारात पिकअप आली. मागच्या डाल्यात ताडपत्री अंथरायची, तिच्यात पाणी भरायचं, आणि त्यात बोटुकली सोडायची. बोटुकली म्हणजे बोटाएवढी वाढलेली रोहू-कतल्याची पिल्लं. याहून बारीक बीज पिशवीत हवा भरून मिळतं, पण चिचटोल्याच्या तलावात मरळ मासा फार. बारीक बीज टाकलं की मरळीची दिवाळी. म्हणून बोटुकलीच लागते, आणि ती खुल्या पाण्यातूनच आणावी लागते. दोन माणसं डाल्याच्या काठावर बसतात आणि वाटभर तळहातानं पाणी थापटत राहतात. उरलेलं काम रस्त्याचे खड्डे करतात. खड्ड्यांना शिवी न देणारा माणूस त्या भागात एकच, तो मुरारी. पण गाडी थांबता कामा नये. गाडी थांबली, ऊन लागलं, की बीज वर येऊन तोंड वासतं, आणि मग फार वेळ हातात राहत नाही.

आणि गेल्या साली गाडी थांबली. इंजिनातलं पाणी आटलं, ते तापलं, आणि भर रस्त्यात जाम झालं. बीज गावात पोचलं ते पांढरंफटक, पोट वर करून. तलावाच्या पाळीवर ते ओतलं तेव्हा कावळ्यांनी आभाळ काळं केलं होतं. त्या साली तलावात जाळं टाकलं तर मरळ आणि शेवाळ. जवान पोरं कामाला तेलंगणात गेली, आणि ढिवरांच्या मोहल्ल्यात संध्याकाळच्या चुली लवकर विझू लागल्या.

तलाव गावच्या मासेमारी संस्थेच्या ताब्यात. संस्थेचा अध्यक्ष लिलाधर, मुरारीचा लहानपणचा सोबती. दोघं एका डोंग्यातून बुडाले होते आणि एकमेकांचे केस धरून वर आले होते, असं त्यांचं नातं. पण त्या उन्हाळ्यात बैठक झाली, तेव्हा लिलाधर मुरारीच्या तोंडाकडे न पाहता बोलला.

“नागपूरचा ठेकेदार दोनदा येऊन गेला. तलाव मले द्या म्हंते, बीज माह्यं, गाडी माही, तुमी जाळं ओढा अन् मजुरी घ्या. लोकं आता तयार होऊन राहिले, मुरारीभाऊ. अवंदा बीज जित्तं आलं तं तलाव आपला. नाही आलं तं देऊन टाकाचा. मी काय करू?”

“भाड्याची गाडी आना ना मंग,” मागून कोणीतरी म्हणालं.

“भाड्याचा डायव्हर चहाले थांबते,” मुरारी म्हणाला. “बीज आनाचं तं मीच आनीन. गाडीले दुसरं इंजिन बसवतो.”

म्हणजे सगळा तलाव येऊन टेकला एका इंजिनावर.

लाखनीला हायवेच्या कडेला डोमाचं गॅरेज आहे. ट्रकवाल्यांत डोमाचं नाव मोठं. तो बोलतो उलटा पण खोटं बोलत नाही. गेल्या साली मुरारीचं जाम झालेलं इंजिन त्यानंच उघडलं होतं, आणि आत पाहून म्हणाला होता, “काका, याले आता गंगेतच सोडा.” यंदा बापलेक त्याच्याकडे गेले तेव्हा त्यानं आडोशाला नेऊन दोन इंजिनं दाखवली. लोखंडी घोड्यावर शेजारी शेजारी ठेवलेली, जशी बघायला आणलेली दोन स्थळं.

“दोनी तुमच्याच गाडीत बसतात,” डोमा म्हणाला. “हे पह्यलं, कमी चाललेलं. गाडी हायवेवर उलटली. टप चेंदामेंदा झाला, पन इंजिनाले ओरखडा नाही.”

“अन् डायव्हर?” मुरारीनं विचारलं.

डोमानं चिंधीनं हात पुसले. पुसायला काही नव्हतं तरी पुसले. “गेला.”

त्यानं बॅटरी जोडली, डिझेलच्या डबकीतून नळी लावली आणि इंजिन चालू केलं. शिलाई मशीन चालावी तसं ते एका लयीत चाललं. धूर नाही, थरथर नाही. भूपेशनं वर हात ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की जणू पोरगी पसंतच पडली. बाहेरच्या गाड्यांवर डायव्हरकी करून आलेला पोरगा तो, इंजिनाचा आवाज त्याला कळायचा.

“हेच, बाबा.”

“थांब. दुसरं पाहू दे.”

“हे दुसरं कारध्याचं,” डोमा म्हणाला. “मागच्या पुरात पिकअप बुडाली होती. मानूस कोनी नव्हता तिच्यात. मालकानं इंजिन उतरवून विकलं. म्या धुतलं, पंप साफ केला, तेल बदललं, चालू झालं. पन काका, याची हमी मी देत नाही हो. गाडी उभी असताना बुडली असंल तं काहीच झालं नाही. पन चालू गाडी पान्यात घातली असंल तं इंजिनानं पानी पेल्लं असंल. पानी दबत नाही. मंग आतला दांडा वाकते. वाकला दांडा आज चालते, उद्या चालते, अन् मंग एक दिवस...” डोमानं मूठ वळली आणि एकदम उघडली.

“तं खोलून पाह्य ना,” भूपेश म्हणाला.

“पाहतो ना. वरचं हेड काढा लागंल, खालचं ऑइलचं भांडं काढा लागंल. पन माह्या मांडीवर तीन ट्रक आहेत. पुढच्या हप्त्यात पाहू.”

पुढच्या हप्त्यात! बीजकेंद्रानं बीज न्यायचा दिवस त्याच्या आधीचा देऊन ठेवला होता, आणि तो चुकला की बोटुकली दुसऱ्या गावची. भूपेशनं बापाकडे पाहिलं, म्हणजे आता बोलायला काही उरलंच नाही अशा नजरेनं. पण मुरारीचं लक्षच नव्हतं. तो दुसऱ्या इंजिनापाशी उकिडवा बसला होता आणि त्याच्याबरोबर आलेला हवेच्या जाळीचा डब्बा उघडून आत बोट फिरवत होता. डोमाच्या धुण्यातून तेवढा एक कोपरा सुटला होता. तिथं मऊ राखाडी गाळ वाळून बसला होता. मुरारीनं तो बोटावर घेऊन हुंगला. आणि गाळातून नखाएवढं एक शिंपलं निघालं.

“भूपेश, हे पाह्य.”

“काय आहे?”

“शिंपलं.”

“बाबा, ते घान आहे, घान! हवा जाते त्या जागी माती आहे, म्हंजे पानी आत गेल्तं!”

“पानी नाही,” मुरारी म्हणाला. “वैनगंगा.”

डोमाला हसू आलं. “काका, हे इंजिन डिझेल पेईल का मासोळ्या खाईल?”

मुरारी हसला नाही. त्यानं शिंपलं धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि चुन्याच्या डबीत ठेवलं. “डोमा, हे इंजिन किती दिवस झाले इथं पडून आहे?”

“पूर उतरला तवापासून. कोनी घेतच नाही.”

“कोनी घेत नाही, कारन ते माह्यं आहे.”

“अवो बाबा!” भूपेशनं कपाळावर हात मारला. “मले सांगा, पह्यल्यात काय खोट आहे?”

“त्याचा मानूस मेला. आपल्याले काय आनाचं आहे? जीव. जीव गेलेल्या गाडीचं इंजिन लावून जीव आनाचा?”

“इंजिनाले काय मालूम, कोन मेला?”

“इंजिनाले नाही मालूम. मले मालूम आहे ना.”

“मंग हे खोलून तरी पाहू. मी सोता खोलतो डोमाभाऊजवळ बसून. तारीख गेली तं मी बीजकेंद्रावाल्याच्या पाया पडतो. पन खोलल्याबिगर नोको.”

मुरारी उठला. गुडघे वाजले. तो पोरावर आवाज चढवणारा बाप नव्हता. अगदी हळू, समजावत बोलला. “मायनं ताटात वाढलं तं तू भात चिवडून पाहतेस का, खडा आहे का म्हनून?”

डोमानं खांदे उडवले. चेनकप्पी ओढली, आणि दुसरं इंजिन हवेत उचललं गेलं.

घरी सखाबाईनं, म्हणजे मुरारीच्या बायकोनं, बॉनेट उघडायला लावून इंजिनाला हळदकुंकू वाहिलं. कुठून आलं ते ऐकल्यावर ती दाराकडे पाहून म्हणाली, “एक सुशीलाबाई कमी होती का? आनली दुसरी!” पण मेलेल्याचं इंजिन नाकारलं हे तिला पटलं. ते शिंपलं तिनं काळ्या दोऱ्यात ओवून आरशाला टांगलं, लिंबू-मिरचीच्या शेजारी.

आणि इंजिन चाललं बरं का. नुसतं चाललं नाही, पळालं. मोहाडीच्या बाजाराला दोन खेपा झाल्या, भरल्या गाडीनं चढ असा घेतला की मागे बसलेल्या बाया किंचाळल्या. मुरारी चावडीवर बसून जो भेटेल त्याला इंजिनाचं कौतुक सांगू लागला. लिलाधरही येऊन बॉनेटवर थाप मारून गेला, “वाह रे माही गंगामाय!” सकाळी थंड गाडी चालू करताना भूपेश मात्र खाली वाकून ऐकायचा.

“बाबा, खालून ठक् वाजते.”

“डाल्याची कडी वाजत असंल.”

“कडी नाही. आतून वाजते. गरम झाली का बंद होते.”

“बंद होते ना? मंग कायले जीवाले लावून घेतेस?”

बीज आणायच्या दिवशी ते पहाटेच निघाले. बीजकेंद्र लाखनीच्या पलीकडे. लाखनीहून हायवेनं कारधा, कारध्याला वैनगंगेचा पूल, पुलापलीकडे भंडारा, आणि तिथून मोहाडीच्या रस्त्यानं घर. गाडी भूपेश चालवत होता. येताना मुरारी आणि लिलाधर डाल्याच्या दोन काठांवर बसून पाणी थापटत होते. बोटुकली अशी निघाली होती की पाहत राहावं. चपळ, चांदीसारखी, पाण्यात हात घातला की बोटांना टोचा मारणारी.

“ह्यातली एक एक जर शेरभराची झाली,” लिलाधर म्हणाला, “तं तेलंगणातले पोट्टे होळीपर्यंत वापस येतात का नाही पाह्य.”

“पोट्टे येतील. तू आधी पानी थापट. तुह्या हाताले काय मेहंदी लागली का?”

“अध्यक्षाशी असं बोलतेस?”

“अध्यक्ष असंल तू खुर्चीवर. इथं तू पंखा आहेस.”

दोघं हसले. कितीतरी दिवसांनी हसले. थापटता थापटता मुरारीला दिसलं की त्यानं हात उचलला तरी पाण्यावर बारीक वळसे उठताहेत, एकामागे एक, जणू तळातून कोणी बोट वाजवत आहे. पाणी वाचणारा माणूस तो. वाऱ्याचा वळसा कोणता, माशाचा कोणता, हे त्याला न सांगता कळायचं. हा वळसा दोन्हीतला नव्हता. त्याला भूपेशचं ‘ठक्’ आठवलं. पण हायवेची दुरुस्ती चालू होती, रस्ता खडबडीत होता. रस्त्याचा वळसा असेल, असं त्यानं मनाला सांगितलं.

कारधा आलं. पूल दिसला, पुलाखालचं गढूळ, भरलेलं पाणी दिसलं. मुरारीनं सवयीनं ओला हात कपाळाला लावला. आणि त्याच वेळी गाडीच्या पोटात कोणी घण घालावा तसे ठोके सुरू झाले. भूपेशनं गाडी कडेला घ्यायच्या आत मोठा आवाज झाला, लोखंड फुटल्याचा. मागे डांबरावर काळ्या तेलाचा पट्टा उमटत गेला. गाडी घरंगळत जाऊन पुलाच्या अलीकडे एका चहाच्या टपरीपुढे उभी राहिली.

भूपेश खाली उतरला, वाकून पाहिलं आणि तसाच बसून राहिला. दांडा तुटून इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला होता. तुटलेल्या हाडासारखा.

तो बापाला ‘सांगितलं होतं’ असं म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

“थापटा!” लिलाधर ओरडला. “हात थांबवू नोको मुरारी!” त्यानं एका हातानं थापटत दुसऱ्या हातानं फोन काढला. भंडाऱ्यात त्याच्या साळ्याची, म्हणजे बायकोच्या भावाची, गाडी होती. “येते म्हंते. निंघून राहिला. तवरक थापटा!”

टपरी ताराबाईची. ती पण ढिवराची लेक, तिला सांगावं लागलं नाही. भट्टी सोडून ती डाल्यावर चढली आणि पाणी थापटू लागली. भूपेशही चढला. चार माणसं आठ हातांनी पाणी मारत होती. पण आभाळ निवळलं होतं आणि ऊन असं पडलं होतं की ताडपत्रीला हात लावला तर चटका बसावा. पाणी कोमट झालं. साळ्याचा फोन आला: दुरुस्तीपायी पुलाच्या पलीकडे गाड्यांची रांग लागली आहे, निघतो आहे, निघतो आहे.

मग पहिली बोटुकली वर आली. तोंड उघडं, मिट, उघडं, मिट. मग दहा. मग सगळं पाणी तोंडांनी भरून गेलं. जणू पाऊस पडतो आहे, पण खालून वर. एक रोहूचं पिल्लू मुरारीच्या तळहाताशी येऊन आडवं झालं.

मुरारीनं थापटणं थांबवलं.

“नदी खालीच आहे,” तो म्हणाला.

लिलाधरला क्षणभर कळलं नाही. कळलं तेव्हा त्याचा चेहरा पालटला. “पागल झाला का तू? गाडी येऊन राहिली!”

“हे येनार नाहीत तवरक.”

“काही येतील! अर्धे येतील! अर्धे आले तरी तलाव वाचते, मुरारी. नदीत टाकले तं काय वाचते? इचार कर. संस्थेचं बीज आहे हे. तुह्या बापाचं नाही!”

“मेल्यावर संस्थेचं राहील का गा?”

मुरारीनं पाणी भरायचा डब्बा उचलला, तर लिलाधरनं तो हिसकून छातीशी धरला. “मी टाकू देनार नाही.”

दोघं म्हातारे ताडपत्रीच्या पाण्यात गुडघाभर उभे होते आणि एका पत्र्याच्या डब्यासाठी ओढाताण करत होते. एकेकाळी याच दोघांनी एकमेकांचे केस धरून जीव वाचवला होता. टपरीवरची माणसं पाहत राहिली. मुरारीला सगळं ठाऊक होतं. डब्बा सोडला तर थोडी आशा आहे, धरला तर तलाव इथंच गेला, आणि घालवणारा हात आपला. पण पायांना ती हजार तोंडं लागत होती. गेल्या सालच्या पाळीवरचे कावळे त्याला दिसत होते.

“सोड, लिलाधर.”

लिलाधरनं सोडला नाही. भूपेशनंच ताराबाईच्या टपरीतलं घमेलं घेतलं, भरलं, आणि टपरीमागच्या घाटाच्या पायऱ्या उतरू लागला. ते पाहिलं तेव्हा लिलाधरची बोटं ढिली झाली.

मग डबे, घमेली, बादल्या. ताराबाईनं चहाचं पातेलंसुद्धा दिलं. वर-खाली, वर-खाली. पाणी पायऱ्यांवर सांडत होतं, कुठं एखादं पिल्लू दगडावर तडफडत होतं. प्रत्येक डबा नदीत टेकवला की बोटुकली क्षणभर तिथंच घोटाळायची, जणू कुठं आलो ते कळत नाही, आणि मग गढूळ पाण्यात नाहीशी व्हायची. लिलाधर रस्त्याच्या कडेला पाठ करून बसून होता.

शेवटचं घमेलं रिकामं करून मुरारी वर आला, तेव्हा पुलावरून हॉर्न वाजवत साळ्याची गाडी येत होती.

आता ती गाडी आधी पोचली असती तर, की पाणी अजून थोडं थापटलं असतं तर, बीजातलं किती जगलं असतं, हे आजवर कोणी सांगू शकलेलं नाही. गावात दोन्ही बाजूंनी शपथा घेणारे लोक आहेत. लिलाधर गाडीत बसून निघून गेला. त्यानं मुरारीला ‘चल’ म्हटलं नाही, आणि त्यानंतर काहीच म्हटलं नाही. पुढं मुरारीचा भाऊ वारला, त्याच्या तेरवीला तो आला, जेवला, आणि न बोलता गेला.

तलाव ठेकेदाराकडे गेला. त्याचं बीज त्याच्या गाडीतून आलं, हवेचं यंत्र लावलेल्या टाकीतून. थापटायला माणूस लागला नाही. ती गाडी चालवायला त्याला डायव्हर हवा होता, तो भूपेश झाला. पहिल्या दिवशी कामावर जायच्या आधी बापाला इतकंच म्हणाला, “घरी तं राहतो ना, बाबा. तेलंगणात नाही गेलो.” डोमाकडचं पहिलं इंजिन कोण्या भाजीवाल्यानं नेलं. भूपेशला ती गाडी कधी कधी लाखनीच्या रस्त्यावर दिसते, भरलेली, धूर न सोडता जाते. हे त्यानं बापाला सांगितलं नाही, मायला सांगितलं आणि मायनं सांगून टाकलं.

मुरारीची पिकअप चिंचेखाली उभी आहे. डाल्यात कोंबड्या अंडी घालतात. मुरारी आपल्याच तलावात मजुरीनं जाळं ओढतो. ओढून झालं की ठेकेदाराचा माणूस येतो, त्याच्यासमोर धोतर झटकून दाखवावं लागतं, एखादी मासोळी खोचली तर नाही म्हणून.

एका संध्याकाळी तो अंगणात बसून बराच वेळ दाराकडे पाहत होता. सखाबाई जनावरांना कुटार घालून आली तरी त्याचं पाहणं चालूच.

“भूपेशची माय, ही सुशीलाबाई कोन असंल वो?”

“सारा जनम गेला, आता काहून इचारता?”

“नाही... आपल्याले दार भेटलं. मंग तिच्या घराले दार नसंल राह्यलं त्या पुरात. घर तरी राह्यलं असंल का?”

दाराबद्दल एवढी वर्षं थट्टाच झाली होती, हा विचार त्या घरात कोणालाच शिवला नव्हता. सखाबाईनं पदरानं त्या अक्षरांवरची धूळ पुसली आणि आत गेली.

पुढच्या हिवाळ्यात कारध्याची ताराबाई मोहाडीला भाच्याच्या लग्नाला आली, ती वाट वाकडी करून चिचटोल्यात उतरली. हातात ओल्या पोत्यात गुंडाळलेला रोहू. चांगला हातभर लांब, लालसर खवल्यांचा.

“अवंदा माय पावली हो दादा,” ती म्हणाली. “कारध्याचे जाळे फाटून राहिले. असं साल आमच्या बापानं पाह्यलं नाही. लोकं म्हंतात नदीनं देल्लं.”

मुरारी रोहूकडे पाहत राहिला. वैनगंगेत रोहू आधीही होते, पुढंही राहतील. हा त्यातला, की ताडपत्रीतला, हे ओळखायची काही खूण नसते.

“मले नोको, ताराबाई,” तो म्हणाला. “पोराबाळाले ने.”

ताराबाईला त्या घरचा नेम कुठून ठाऊक असणार? पण ती ढिवराचीच लेक. म्हणाली, “नदीनं देल्लेल्याले ना म्हनाचं नसते, दादा.”

ती गेल्यावर सखाबाईनं मासा चिरला, मोहरी वाटून रस्सा केला. भूपेशही कामावरून घरी आला होता. तिघं जेवायला बसले. मुरारीनं पहिला तुकडा भातावर घेतला. मग त्यानं तो बोटांनी उघडला. जन्मात पहिल्यांदा त्यानं ताटात वाढलेलं चिवडून पाहिलं. एक एक काटा काढून ताटाच्या कडेला ओळीनं लावला. आणि खाल्ला.

“कसा आहे?” सखाबाईनं विचारलं.

“चांगला आहे,” मुरारी म्हणाला. “कारध्याच्या लोकाईचं साल चांगलं जाईल.”